झडीच्या पावसात वाफ्यावरचे आच्छादन कुजते, रोपे माना टाकतात: कुठे चुकते आणि काय करावे

जूनमध्ये वाफ्यावर गव्हाचा भुसा किंवा पालापाचोळा पसरायचा. आर्द्रा-पुनर्वसूत झड लागली की खालून आंबूस वास येऊ लागतो आणि वांगी-मिरचीची रोपे एकेक करून माना टाकतात. मग सगळे आच्छादन ओढून उकिरड्यावर टाकायचे, आणि ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली की त्याच उघड्या वाफ्याला बोटभर भेगा पडलेल्या पाहायच्या. खानदेशातल्या परसबागांत हे चक्र दरवर्षी फिरते. दोष आच्छादनाला दिला जातो, पण बहुतेक वाफ्यांत खरा दोष पाण्याच्या निचऱ्याचा आणि आच्छादन घालण्याच्या वेळेचा असतो.

तापी, गिरणा, पांझरा काठच्या काळ्या जमिनीचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. एकदा ओल धरली की चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. मग वरच्या वीतभर थरातले बरेचसे पाणी खाली जाण्याऐवजी ऊन-वाऱ्याने वर उडते, तेव्हा कुठे वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओल, येतो. आच्छादन नेमकी हीच वाट बंद करते. मार्च-एप्रिलमध्ये जो गुण, तोच जुलैच्या झडीत अवगुण ठरतो. धडगाव-नवापूरकडच्या मुरमाड, उताराच्या जमिनीत ही अडचण कमी येते, तिथे आच्छादन वाहून जाण्याची तक्रार जास्त असते. म्हणून शेजारच्या गावात जे चालले ते आपल्या वाफ्यात चालेलच असे नाही.

आधी वाफा तपासा

औषध आणायला धावू नका. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात तीन ठिकाणी आच्छादन बाजूला करून पाहा.

मातीला पहिल्या पावसासारखा वास आहे, आच्छादनाच्या खालच्या बाजूला पांढरे विरळ धागे आहेत, गांडुळे दिसतात, तर सगळे ठीक आहे. ते पांढरे धागे पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशीचे असतात, रोपाला त्यांचा त्रास नसतो. पिवळसर-केशरी फेसाळ गोळा उगवला तरी घाबरू नका, उघडीप मिळाली की तो दोन-तीन दिवसांत वाळून जातो.

वास सडक्या अंड्यासारखा किंवा आंबलेल्या चाऱ्यासारखा येतो, माती निळसर-करडी पडली आहे, मुठीत दाबली की बोटांमधून चिखल बाहेर येतो, तर मुळांना हवा मिळत नाही. टोमॅटो आणि मिरची अशा जमिनीत एक-दोन दिवसांतच कोमेजू लागतात. ओल्या जमिनीतले कोमेजणे पाहून पुष्कळजण वरून आणखी पाणी घालतात. ते मुळीच करू नये.

निचऱ्याची खात्री करायची असेल तर वाफ्याच्या कडेला एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या भरतीनंतर तासाभरात पाणी किती सेंटीमीटर उतरले ते पट्टीने मोजा. पहिल्या भरतीवर विश्वास ठेवू नका, कोरडी माती खोटे बोलते. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरले तर सपाट वाफ्यावरही आच्छादन चालेल. एक सेंटीमीटरपेक्षा कमी उतरले तर गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेला वाफा, केल्याशिवाय पावसाळी आच्छादनाच्या वाटेला जाऊ नका.

पाणी तुंबले असेल तर

त्याच दिवशी करायचे काम एवढेच: दाताळ्याने सगळे आच्छादन वाफ्याच्या मधून काढून वाटेवर किंवा वरंब्याच्या कडेला ओळीने लावा, फेकू नका. वाफ्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून वीतभर खोल चर काढून पाण्याला वाट द्या. चिखलात पाय घालू नका, खुरपणीही नको. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की तो घट्ट थर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुटत नाही. वाफसा आला, म्हणजे मूठभर माती दाबून सोडल्यावर ढेकूळ बोटाने टिचकी मारताच फुटू लागले, की हलकी खुरपणी करून आच्छादन परत ओढा, पण निम्मेच.

कायमची दुरुस्ती उन्हाळ्यात होते. गादीवाफा ९० सेंटीमीटर रुंद, २० ते २५ सेंटीमीटर उंच, दोन वाफ्यांत ४५ सेंटीमीटरची वाट. वाटेला दर दहा फुटांमागे चार बोटे उतार. वाफ्याचा माथा सपाट न ठेवता मध्ये दोन बोटे उंच ठेवा, पाणी दोन्ही बाजूंना ओघळेल. दर चौरस मीटरला चांगले कुजलेले शेणखत ४ ते ५ किलो मिसळा. निचरा व्हावा म्हणून काळ्या मातीत पाटीभर वाळू टाकण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग होत नाही. चिकणमातीचा गुण बदलायला वाळू फार मोठ्या प्रमाणात लागते, थोडीशी टाकली तर माती उलट घट्ट बसते. शेणखत आणि कुजलेला पाला हाच खरा उपाय.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. हल्ली वाफ्याभोवती विटांची किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्यांची सुबक कड बांधतात आणि सांधे सिमेंटने भरतात. असा वाफा म्हणजे पावसाळ्यातला हौद. दर दोन फुटांवर एक सांधा जमिनीलगत मोकळा ठेवा आणि आच्छादनाचा कचरा त्यात अडकत नाही ना ते प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहा. तसेच पत्र्याच्या पन्हाळीचे पाणी वाफ्यात पडत असेल तर दुसरे कोणतेही उपाय करण्याआधी ते वळवा.

कशाने झाकता, त्यावर निम्मे अवलंबून

पावसाळ्यात आच्छादन जाडेभरडे आणि हवा खेळती ठेवणारे हवे. बारीक भुसा ओला झाला की चपटा बसतो आणि खालची हवा तोडतो. खानदेशात हाताशी असलेल्या मालाचा हिशेब असा.

कपाशीच्या पऱ्हाट्या हा पावसाळ्यासाठीचा आमच्या मते सर्वांत चांगला माल. काड्या लाकडी असल्याने पूर्ण हंगाम टिकतात, पाण्याने दबत नाहीत, वाऱ्याने उडत नाहीत. तीन ते पाच सेंटीमीटरचे तुकडे करा. थोड्या असतील तर कोयत्याने होतात, जास्त असतील तर गावात कुणाचे श्रेडर (काड्या बारीक करणारे यंत्र) असेल त्याच्याकडून करून घ्या. कडबा कुट्टीच्या यंत्रात वाळलेल्या पऱ्हाट्या घालू नका, पाती बोथट होतात. मुख्य खबरदारी गुलाबी बोंडअळीची. काड्यांवर राहिलेली किडकी, न उमललेली बोंडे वेचून जाळा किंवा खोल पुरा, त्यांच्यातच अळी सुप्तावस्थेत हंगाम काढते. भेंडी कपाशीच्याच कुळातली, म्हणून भेंडीच्या वाफ्यात बोंडे असलेल्या काड्या तर अजिबात नकोत.

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची वाळलेली पाने मुबलक. पान अख्खे अंथरले की भिजून मातीला कागदासारखे चिकटते, खाली पाणी जात नाही नि वर हवा येत नाही. वीतभराचे तुकडे करा आणि निम्म्या पऱ्हाट्यांत मिसळून पसरा. नवापूर-धडगावकडच्या सागाच्या पानांनाही हाच नियम. केळीचे ओले खांब चिरून वाफ्यावर टाकू नका. त्यांत बहुतांश पाणीच असते आणि गोगलगायींना त्याखाली आयते घर मिळते. ते कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या.

उसाचे पाचट आणि कडब्याचे बाटुक चांगले, फक्त हातभर लांब न ठेवता वीतभर तोडा. गव्हाचा भुसा आणि सोयाबीनचे कुटार पावसाळ्यात एकटे वापरू नये. ते हिवाळी भाजीसाठी राखून ठेवा. शिवाय गव्हाच्या भुशात राहिलेले दाणे वाफ्यात उगवतात. भुईमुगाची टरफले निचऱ्याला छान, पण ज्या शेतात भुईमुगाला खोडकुज लागली होती तिथली आणू नका. तीच बुरशी मिरची, टोमॅटो, वांग्यावर येते. लाकडाचा भुसा वाटेपुरता ठीक, वाफ्यात नको. बांधावरचे गवत आणताना त्यावर तणनाशक मारले होते का ते विचारा. टू-फोर-डी मारलेले ताजे गवत टोमॅटो-मिरचीजवळ आले तर शेंडे पिळवटतात, पाने दोरीसारखी होतात, आणि लोक तो चुरडा-मुरडा (पाने आकसण्याचा रोग) समजून भलतेच औषध मारत बसतात.

पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र खाली घालून वर पाला पसरण्याची युक्ती कोरड्या हंगामात चालते. काळ्या जमिनीत जुलैमध्ये ती करू नये. भिजलेला पुठ्ठा फुगलेल्या मातीवर झाकणासारखा बसतो. लव्हाळा तर त्यातूनही वर येतो. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या मे महिन्यात खणून, वेचून, उन्हात टाकूनच संपतात, आच्छादनाने नाही.

केव्हा आणि किती

कोरड्या जमिनीवर आच्छादन घालून पावसाची वाट पाहणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. मृगाच्या पाच-सात मिलिमीटरच्या सरी जाड आच्छादनच पिऊन टाकते, खाली माती कोरडीच राहते. जमीन वीतभर भिजली, रोपे लावून झाली, ती रुजून दोन नवी पाने आली की मग पहिला पातळ थर द्या: दोन ते तीन सेंटीमीटर, म्हणजे वरून पाहिले तर मधूनमधून माती दिसली पाहिजे. एवढा थरसुद्धा थेंबांचा मार झेलतो, चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडू देत नाही, आणि टोमॅटोच्या करप्याला तेवढ्याने बराच आळा बसतो.

झड चालू असेपर्यंत यापेक्षा जास्त नको. पुष्य-आश्लेषाच्या सुमारास पाऊस उघडला, तीन-चार दिवस ऊन पडले आणि वाफसा आला, की थर पाच सेंटीमीटरवर न्या. खंड लांबला तर हाच थर भेगा रोखतो. पुन्हा झड लागली तर वरचा निम्मा थर वाटेवर ओढून ठेवा. हे काम दहा चौरस मीटरच्या वाफ्याला पंधरा मिनिटांचे आहे, आणि पावसाळी आच्छादनाचे सगळे यश त्यातच आहे. एकदा घातले आणि विसरले, असे इथे चालत नाही.

मालाचा अंदाज: दहा चौरस मीटरला पाच सेंटीमीटर थर म्हणजे अर्धा घनमीटर. धान्याची मोठी गोणी दाबून न भरता चार ते पाच गोण्या लागतात.

खोडाभोवती मात्र सर्व हंगामात चार बोटे, म्हणजे आठ ते दहा सेंटीमीटर जागा उघडी हवी. मेथी, कोथिंबीर, पालक अशा थेट पेरलेल्या भाज्यांत उगवणीआधी काहीच घालू नका. रोप बोटभर झाल्यावर फक्त दोन ओळींमध्ये पसरा. गिलके, दोडके, कारल्याच्या आळ्यात थर थोडा जाड चालतो, वेल मांडवावर असतो आणि आळे मोकळे असते.

मान कुजणे: कोणता रोग ते ओळखा

कोमेजलेले रोप उपटून पाहिल्याशिवाय औषध ठरवू नये. जमिनीलगत खोडावर पांढरी, पिसाऱ्यासारखी पसरलेली बुरशी आणि तिच्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या ते तपकिरी गाठी दिसल्या तर ती स्क्लेरोशियम खोडकुज. या गाठी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. रोप भोवतीच्या वीतभर मातीसकट उचलून पिशवीत घाला आणि जाळा किंवा वाफ्यापासून दूर खोल पुरा, कंपोस्टमध्ये नको. त्या जागेचे आच्छादनही काढून टाका.

खोडाची मान काळपट, पाणी शोषल्यासारखी झाली, बुरशीचे धागे दिसत नाहीत आणि मिरचीचे झाड पाने हिरवी असतानाच एका दिवसात मान टाकते, तर ती तुंबलेल्या पाण्यात वाढणाऱ्या फायटोप्थोरा किंवा पिथियम या बुरशीसारख्या जीवांची मर. इथे आधी निचरा, मग औषध. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात कालवून शेजारच्या निरोगी रोपांच्या बुडाशी प्रत्येकी २०० ते २५० मिलिलिटर ओता. मेलेल्या रोपाला ओतून काही मिळत नाही.

तिसरी शक्यता जिवाणूजन्य मर. खोडाचा ताजा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधट धागा खाली उतरू लागला तर जिवाणू आहे. त्यावर बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो. रोप काढा, आणि त्या वाफ्यात दोन-तीन हंगाम वांगी, टोमॅटो, मिरची लावू नका, मका किंवा ज्वारी घ्या.

खोडकुज दरवर्षी येत असेल तर दोन कामे. एक, ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी: १०० ग्रॅम भुकटी १० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा, मध्ये एकदा वरखाली करा, आणि लागवडीआधी दहा चौरस मीटरला द्या. ताम्रयुक्त औषध (वरचे कॉपर ऑक्सिक्लोराइड) आणि ट्रायकोडर्मा यांत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवा, नाहीतर एकाने दुसरे मरते. दोन, भुसावळ-जळगावच्या मे महिन्याच्या उन्हाचा उपयोग करा. वाफा भरपूर भिजवा, पारदर्शक पॉलिथिन ताणून पसरा, कडा मातीत वीतभर गाडा आणि चार ते सहा आठवडे ठेवा. काळे पॉलिथिन नको, माती तापायला पारदर्शकच लागते. आपल्याकडचे ऊन इतके कडक असते की या कामाला खानदेशासारखी जागा नाही. वरच्या थरातल्या बऱ्याच बुरश्या, सूत्रकृमी आणि तणांचे बी यात मरते.

पाने पिवळी पडतात

आच्छादनाने नत्र खाल्ले असे सर्रास सांगितले जाते. पृष्ठभागावर पसरलेला पाला नत्र ओढतो तो फक्त मातीला टेकलेल्या पातळ थरातून. तो मातीत मिसळला तर मात्र नत्र खरोखर अडकते, म्हणून खुरपताना भुसा खाली गाडू नका. पावसाळ्यातला पिवळेपणा बहुधा तुंबलेल्या पाण्याचा आणि नत्र वाहून किंवा उडून गेल्याचा असतो. वाफसा आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. मुळे श्वास घेऊ लागेपर्यंत जमिनीतून युरिया देऊ नका.

गोगलगाय, वाणी, वाळवी

सकाळी पानांवर चमकदार ओघळ आणि कडेने खाल्लेली रोपे दिसली तर गोगलगाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी वाफ्याच्या कडेने टाका, पहाटे उलटून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका. हा सोपस्कार सलग सात-आठ दिवस केला तरच फरक पडतो. वाफ्याभोवती चार बोटे रुंद चुन्याचा पट्टा उघडीप असताना चांगला अडवतो, पहिल्या सरीला धुऊन जातो, पुन्हा टाकावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरायच्याच तर लेबलवरच्या मात्रेने, आणि कुत्री, कोंबड्या, लहान मुले पोहोचणार नाहीत अशा जागी. त्या गोळ्या कुत्र्याला जीवघेण्या ठरतात.

वाणी एरवी कुजका पालाच खातो, पण दाट ओल्या आच्छादनात त्याची संख्या वाढली की कोवळी रोपे बुडाशी कुरतडतो. रोपाला तीन-चार पाने येईपर्यंत ओळीत आच्छादन नको, एवढ्यानेच बहुतेक वेळा भागते. वाळवी, म्हणजे उधई, झडीत दिसत नाही. ती पावसाच्या खंडात, मुरमाड जमिनीत, कोरड्या पडलेल्या काड्यांखाली चढते. थर खोडाला टेकू न देणे आणि खंडात आठवड्यातून एकदा आच्छादन भिजेल इतके पाणी देणे पुरते.

वाहून जात असेल तर

हलका माल तरंगतो. उतारावर पऱ्हाट्यांचे तुकडे आडवे, पाण्याच्या वाटेला काटकोनात टाका आणि दर तीन फुटांवर एक अख्खी काडी आडवी ठेवून दोन टोकांना बांबूच्या कामट्या ठोका. वाटेच्या खालच्या टोकाला काड्यांची पेंढी आडवी बांधली तर पाणी गाळून जाते आणि आच्छादन तिथेच अडते.

मल्चिंग पेपर

मिरची-टोमॅटोला २५ ते ३० मायक्रॉनचा, चार फुटी, वर चंदेरी खाली काळा प्लास्टिकचा कागद पावसाळ्यात उपयोगी आहे, कारण जास्तीचे पाणी तो वाफ्यात शिरूच देत नाही. पण मग खंडात पावसाची सरही आत जात नाही, म्हणून खाली ठिबकची नळी आधीच अंथरलेली हवी. वाफा पूर्ण भिजवून वाफशावर कागद लावा, माथा मध्ये उंच ठेवा, कडा चार ते सहा बोटे मातीत गाडा. माथा खोलगट राहिला तर साचलेले पाणी छिद्रातून थेट रोपाच्या बुडात उतरते आणि तिथेच मान कुजते. कागद सैल राहिला तरी वाऱ्याने फडफडून छिद्राची कड रोपाला कापते.

हस्ताचा शेवटचा पाऊस पडून गेला की जमीन अजून ओली असतानाच थर वाढवून आठ ते दहा सेंटीमीटर करा. आता गव्हाचा भुसा, कुटार, पाने, काहीही चालेल. ऑक्टोबरच्या उन्हात ही ओल पंधरा दिवसांत उडून जाते, म्हणून दिवाळीपर्यंत थांबू नका. वाटेवर काढून ठेवलेले अर्धवट कुजलेले आच्छादन आधी खाली घाला, नवा माल त्यावर.